सदतिसाव्या प्रश्नातली उल्का

आकाशातून येणारी एकही वस्तू पृथ्वीच्या जमिनीपर्यंत पोहोचू शकत नाही, कारण आपले वातावरण ढालीसारखे आपले रक्षण करते. हे सत्य शहरातल्या तारांगणात दिवसातून चार वेळा, दिवे मालवून, अत्यंत गंभीर आवाजात सांगितले जाते. ते ऐकून भारावलेले प्रेक्षक बाहेर येतात आणि दारातल्या एका काळ्या दगडाला वळसा घालून घरी जातात. दगड आकाशातून पडलेला आहे. तशी पाटीही आहे.

दगड दिसायला माणसाच्या डोक्याएवढा, पण नुसत्या लोखंडाचा. उचलायला दोन माणसे लागतात आणि सरकारी पद्धतीने उचलायचा तर देखरेखीला तिसरा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी हात लावून लावून त्याची एक बाजू गुळगुळीत केली होती. आतले सत्य आणि बाहेरचा दगड यांच्यामध्ये एक जाड पडदा आणि पंधरा पावले एवढे अंतर होते, आणि ते कुणालाही कधी खटकले नव्हते. अपवाद एकच. दगडापासून सहा फुटांवर तिकीटखिडकी होती आणि त्या खिडकीत एकोणीस वर्षे एकच बाई बसत होती.

तिला सगळे खिडकीबाई म्हणत. तिचे खरे नाव हजेरीपटावर होते, पण हजेरीपट कुणी वाचत नसे.

खिडकीबाईला आतला कार्यक्रम तोंडपाठ होता. पडद्यातून आवाज बाहेर येतो. माणूस तिकिटे फाडत असला तरी कान काही बंद करून ठेवता येत नाहीत. निवेदक निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या आवाजाची टेप लावून काम भागवायचे ठरले. टेप ज्या दिवशी केली त्या दिवशी निवेदकांना सर्दी होती, त्यामुळे शनीच्या कड्यांपाशी रोज चार वेळा खोकला येई. खिडकीबाईला खोकलासुद्धा पाठ होता.

एकदा वीज गेली. आत दोनशे पोरे, काळोख, टेप बंद, आणि शिक्षिका "शांत बसा" असे ओरडून शांततेची उरलीसुरली आशा घालवत होत्या. खिडकीबाईने खिडकी ओढून घेतली, पडदा बाजूला केला आणि अंधारातच उभी राहून बोलायला लागली. चाळीस मिनिटे बोलली. तारे नव्हते, ग्रह नव्हते, नुसता काळोख होता. पण वीज आली तेव्हा पोरे "ओऽ" करून नाराज झाली, कारण तिने नुकताच धूमकेतू अर्ध्यावर आणला होता. दुसऱ्या दिवशी संचालकांनी तिला बोलावून घेतले. कार्यालयीन वेळेत जागा सोडल्याबद्दल लेखी खुलासा मागितला.

तिने खुलासा दिला. पण त्या चाळीस मिनिटांनंतर तिला खिडकीत बसवेना. बसावे लागत होते, बसवत नव्हते; दोन्हींत फरक आहे.

म्हणून निवेदकाची जागा खात्याअंतर्गत परीक्षेने भरायची असा कागद फलकावर लागला, तेव्हा पहिला अर्ज तिचा होता. वयाची अट पन्नासच्या आत. ती एकोणपन्नास वर्षे आठ महिन्यांची. पुढची परीक्षा जेव्हा होईल तेव्हा होईल, तिच्यासाठी ती होणार नव्हती. हुकली की निवृत्तीपर्यंत खिडकी.

परीक्षा साधी. एकेका वाक्यात उत्तरे, पन्नास प्रश्न, पन्नास गुण. चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा, कारण अंदाजपंचे ठोकून देणाऱ्यांना आळा बसावा अशी प्रशासनाची इच्छा होती. परीक्षेला दोघेच बसले: खिडकीबाई आणि बॅटरी. बॅटरी म्हणजे अंधारात हातातल्या बॅटरीचा झोत पाडून लोकांना खुर्च्या दाखवणारा माणूस. चाळिशीकडे झुकलेला, भला, झोपाळू, दोन मुलींचा बाप. त्याच्या अंगावर कुणी ओरडले तर तो प्रकाश स्वतःच्या पायावर पाडून उभा राहत असे.

निकाल लागला. बॅटरी, एकोणपन्नास. खिडकीबाई, साडेअठ्ठेचाळीस.

अर्धा गुण! अर्ध्या गुणाने माणूस हरतो तेव्हा त्याला हरल्याचे दुःख होत नाही, तळपायाची आग मस्तकात जाते. पाच गुणांनी हरला असता तर घरी जाऊन जेवला असता. खिडकीबाईने अर्ज करून स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रत मागितली. अकराव्या दिवशी मिळाली. एकोणपन्नास उत्तरे बरोबर होती. एका उत्तरावर लाल शाईची फुली होती.

प्रश्न सदतिसावा: उल्का जमिनीवर का पोहोचत नाहीत?

खिडकीबाईने लिहिले होते: "पुढची हवा दाबली जाऊन भयंकर तापते व बहुतेक उल्का वरच संपतात, काही मात्र पोहोचतात, दारातली पाहावी."

फुलीशेजारी तपासनिसाने आदर्श उत्तर लिहून दाखवले होते, पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून: "हवेशी होणाऱ्या घर्षणामुळे उल्का जळून खाक होतात, त्यामुळे जमिनीवर पोहोचत नाहीत." आणि "दारातली पाहावी" या शब्दांखाली रेघ मारून "अनावश्यक" असा शेरा होता.

ती घरी आली तेव्हा नवरा दुकानात होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे तो सायकली दुरुस्त करायचा. तेव्हा तो एका सायकलच्या चाकात हवा भरत होता. खिडकीबाईने पिशवी ठेवली नाही, चपला काढल्या नाहीत.

"अहो, पंप कुठे तापतो?"

"कुठला पंप?"

"कुठलाही."

"खाली तापतो. तोटीपाशी. का? हात भाजला की काय?"

"आणि आतला वॉशर कुठे घासतो?"

"वरपासून खालपर्यंत घासतो."

"मग वर का तापत नाही?"

नवऱ्याने पंप थांबवला. हा माणूस कुठल्याही प्रश्नावर आधी हात पुसायचा. हात पुसून झाल्यावर म्हणाला, "वर हवा मोकळी असते. खाली कोंडते. कोंडून दाबली की तापते. अगं हे काय विचारणं झालं? हे माझ्या पंक्चर ट्यूबलासुद्धा माहीत आहे."

"तारांगणाला माहीत नाही," ती म्हणाली आणि कागद त्याच्या पुढ्यात टाकला.

त्याने वाचले. दोनदा वाचले. मग हळूच विचारले, "पण त्यांना काय पाहिजे ते तुला ठाऊक होतं की नाही?"

"होतं."

"मग ते लिहून टाकायचं. घर्षण तर घर्षण. आपलं काय जातंय?"

"लिहिणार होते. घ लिहिला पण होता." तिने कागदावर बोट ठेवले. खरेच, ओळीच्या सुरुवातीला एक घ खोडलेला होता. "एकोणीस वर्षं दिवसातून चारदा तेच ऐकतेय. खोटं पाठ होतं हो, पण हातातून उतरत नाही. हात अडला."

"हात अडला," नवरा म्हणाला. "पंधरा सेकंद अडायचा थांबला असता तर तू आज निवेदिका होतीस."

"तुम्ही त्यांच्या बाजूचे का माझ्या?"

"मी सायकलच्या बाजूचा आहे," असे म्हणून तो पुन्हा हवा भरायला लागला. पण दोन झटक्यांनंतर थांबला. "तोटी उघडी ठेवून शंभर वेळा मार, पंप गार राहतो. वॉशर तेवढाच घासतो. तोटी दाबून धर, वीस झटक्यांत चटका बसतो. घर्षणच तापवत असेल तर दोन्ही वेळा तापायला पाहिजे. जा, सांग त्यांना."

"नुसतं सांगून काय होतंय?"

"मग पंप घेऊन जा."

खिडकीबाईने फेरतपासणीचा अर्ज केला. पुराव्यांसकट सात पानांचा अर्ज होता. तो खालच्या टेबलावरून निघाला, मधल्या टेबलावर तापला, वरच्या टेबलावर त्याचे तुकडे झाले, आणि संचालकांपर्यंत पोहोचला तेव्हा दोन पाने उरली होती. तरी पोहोचला. सुनावणीची तारीख लागली.

सुनावणी संचालकांच्या खोलीत झाली. टेबलामागे तिघे. मध्ये संचालक, हे गृहस्थ पूर्वी याच तारांगणात याच परीक्षेने निवेदक झाले होते आणि पुढे चढत चढत खुर्चीत आले होते. डावीकडे प्रशासन अधिकारी. त्या बाई होत्या आणि सगळे त्यांना मॅडम म्हणत. उजवीकडे विषयतज्ज्ञ म्हणून महाविद्यालयातले एक प्राध्यापक. ते येताना घड्याळाकडे बघत आले आणि शेवटपर्यंत घड्याळाकडेच बघत होते. खिडकीबाईसाठी खुर्ची होती, पण ती पंप घेऊन उभीच राहिली.

"हे काय आहे?" संचालकांनी विचारले.

"पंप."

"ते दिसतंय. कशाला?"

"पुरावा."

मॅडमनी लिहून घेतले: पुरावा, एक.

"बसा, बाई," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "हे बघा, तुमची तळमळ मी समजू शकतो. पण हे आदर्श उत्तर आजचं नाही. अनेक वर्षांपासून हेच आहे. मी स्वतः हेच लिहून पास झालो."

"तेच म्हणतेय मी."

या वाक्याचा अर्थ नक्की कुठल्या बाजूने घ्यावा हे संचालकांना कळले नाही, म्हणून त्यांनी प्राध्यापकांकडे पाहिले. प्राध्यापकांनी घसा साफ केला. "घर्षण हा ढोबळ शब्द आहे. शालेय पातळीवर तो चालतो."

"मी शाळेत नाही, सर. मी एकोणपन्नास वर्षांची आहे."

"बरं, मग तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय?"

तेव्हा खिडकीबाई बोलायला लागली. कुणी मान्य करो न करो, त्या खोलीत पुढची दहा मिनिटे जे झाले त्याला निवेदन म्हणतात.

"सर, उल्का सेकंदाला वीस-तीस किलोमीटरनं येते. कधी त्याच्या दुप्पट. हवा म्हणजे काही भिंत नाही, एरवी तुम्ही चाललात की ती बाजूला होते. पण इतक्या वेगानं कुणी अंगावर आलं तर बाजूला व्हायला तिला वेळच मिळत नाही. आपल्या दारात रोज बघते मी. तीनची घंटा झाली की शंभर पोरं एकदम आत घुसतात. मागची ढकलतात, पुढच्याला सरकायला जागा नाही. पुढचा लाल होतो. तो कशाला घासलेला नसतो, सर. दाबलेला असतो. उल्केच्या पुढच्या हवेचं तेच होतं. ती दाबली जाते, तापते, पेटल्यासारखी उजळते, आणि तिच्या आचेनं उल्केचं वरचं कातडं वितळून उडत जातं. बहुतेक उल्का रेतीच्या कणाएवढ्या. त्यांचं कातडं म्हणजेच सगळी उल्का. जमिनीपासून ऐंशी-शंभर किलोमीटरवरच कारभार आटोपतो. आपण खालून बघतो आणि तारा तुटला म्हणतो. तारा कसला तुटतोय!"

प्राध्यापकांनी घड्याळावरची नजर काढली.

"थोडी मोठी असली तर तुकडे होतात. तुकडे पुन्हा जळतात. त्यातूनही एखादी उरते. पण तोवर हवेनं तिचा सगळा वेग काढून घेतलेला असतो, ती विझते, आणि गच्चीवरून दगड पडावा तशी पडते. आपली दारातली तशीच पडली. पाटी आहे. हवा आपल्याला सांभाळते, त्यात खोटं काही नाही. चंद्राला हवा नाही, त्याचं तोंड बघा. देवीचे वण असल्यासारखं झालंय. मंगळाची हवा विरळ, म्हणजे फाटकी छत्री. शुक्राची इतकी दाट की लहानसहान काही खाली उतरतच नाही. ज्याची त्याची छत्री. पण छत्री आहे म्हणून पाऊसच पडत नाही, असं आपण आत चार वेळा सांगतो आणि बाहेर पोरं ओल्या दगडाला हात लावतात. दुसरीतली एक मुलगी मला खिडकीत येऊन विचारते, आतले काका म्हणतात एकही पोचत नाही, मग हा कुठून आला? मी काय सांगू तिला? काकांना सर्दी होती?"

कुणीच हसले नाही. प्राध्यापकांच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला.

"हे सगळं कुठे वाचलंत?" संचालकांनी विचारले.

"आपल्याच वाचनालयात. त्या पुस्तकाच्या कार्डावर नऊ वेळा नाव आहे. नऊही वेळा माझंच आहे."

आता मॅडम पुढे सरसावल्या. त्यांना विज्ञानात गती नव्हती, पण शब्दांत होती, आणि कार्यालयात शब्द जास्त उपयोगी पडतात. "एक मिनिट. मी शब्दकोश पाहिलाय. आकाशात असते ती उल्का. जमिनीवर पोहोचली की तिला अशनी म्हणतात. म्हणजे जी पोहोचते ती उल्का नसतेच. म्हणजे उल्का जमिनीवर कधीच पोहोचत नाही. आदर्श उत्तर शंभर टक्के बरोबर आहे."

संचालकांचा चेहरा उजळला. ही बाई आपल्या कार्यालयात असल्याचा त्यांना प्रथमच आनंद झाला.

"मॅडम," खिडकीबाई म्हणाली, "मुलगी लग्न होऊन सासरी पोहोचली की तिला सून म्हणतात. म्हणून काय मुलगी सासरी पोहोचतच नाही? वाटेत जळून खाक होते?"

"विषय भरकटतोय," मॅडम म्हणाल्या.

"भरकटलेला नाही. तुमच्या हिशेबानं तिकीटवाली निवेदिका झाली की तिकीटवाली राहत नाही, म्हणून तिकीटवाली निवेदिका होऊच शकत नाही. हेच चाललंय ना इथे?"

"आवाज चढवू नका," संचालक म्हणाले. "रागावून काही साध्य होत नाही. डोकं शांत ठेवा."

खिडकीबाईने पंप टेबलावर आडवा ठेवला. टेबलावरची काच वाजली.

"माझं डोकं घासून तापलेलं नाही, साहेब. दाबून तापलंय."

मग तिने प्रयोग केला. पंप जमिनीवर उभा केला, तोटी मोकळी सोडली आणि मारायला लागली. एक, दोन, तीन. मॅडम मोजत होत्या, कारण मोजणे हे प्रशासनात मोडते. शंभर झाल्यावर तिने संचालकांना हात लावायला सांगितले. नळी गारच होती. नंतर तिने तोटीत बूच ठोकले आणि पुन्हा मारायला लागली. आता दांडा खाली जाईना. तिने अंगाचा सगळा भार टाकला, एकोणीस वर्षांचा भार टाकला असे म्हटले तरी चालेल, आणि पंचवीस झाल्यावर म्हणाली, "लावा हात. वर नको, खाली लावा."

संचालकांनी खाली बोट लावले आणि "हाऽ" करून तोंडात घातले.

"वॉशर दोन्ही वेळा सारखाच घासला," खिडकीबाई म्हणाली. "पंचवीस वेळा तर कमीच घासला. मग तापवलं कुणी?"

संचालक बोट चोखत होते. प्राध्यापक उठून आले, त्यांनीही बोट लावून पाहिले, स्वतः चार झटके मारले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षण असे काही आले की ते महाविद्यालयात लागायच्या आधी कसे दिसत असतील याची कल्पना यावी. मग ते जागेवर जाऊन बसले आणि तो चेहरा गेला.

"शास्त्रीयदृष्ट्या यांचं बरोबर आहे," ते म्हणाले.

"आणि परीक्षादृष्ट्या?" मॅडमनी विचारले.

"परीक्षादृष्ट्या प्रश्न तुमचा आहे."

"मग मला गुण द्या," खिडकीबाई म्हणाली.

"देता येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि खरे सांगायचे तर त्या कठोरपणे म्हणाल्या नाहीत. "हे उत्तर आज बदललं तर आजवर जे घर्षण लिहून पास झाले त्यांचं काय? त्या सगळ्या नेमणुका चुकीच्या उत्तरावर झाल्या असं होईल."

आजवर घर्षण लिहून पास झालेल्यांपैकी एक जण बोट चोखत समोरच बसले होते. त्यांनी जोरात मान हलवली.

"बरं, गुण नका देऊ. पण वजा तरी करू नका," खिडकीबाई म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता, आणि चढलेल्या आवाजापेक्षा तो ऐकायला वाईट होता. "शास्त्रीयदृष्ट्या बरोबर म्हणता, मग चूक म्हणून अर्धा गुण कशाला कापता? शून्य द्या. मला नुसतं शून्य द्या."

मॅडमनी कागदावर आकडा मांडला. "शून्य दिलं तर तुमचे एकोणपन्नास होतात. दोघांचे समान. समान गुण असतील तर सेवाज्येष्ठता, आणि तुम्ही बॅटरीपेक्षा सात वर्षं ज्येष्ठ आहात. म्हणजे जागा तुम्हाला."

"मग द्या ना!"

"पण शून्य कुठल्या नियमात बसवू? लिहिलेलं उत्तर बरोबर असेल तर एक, चूक असेल तर वजा अर्धा. लिहिलेल्या उत्तराला शून्य नाही. तशी तरतूदच नाही, बाई."

"म्हणजे मी जे लिहिलंय ते खरं आहे, पण बरोबर नाही."

"असं समजा."

खिडकीबाई तिघांकडे आळीपाळीने बघत राहिली. प्राध्यापकांनी पुन्हा घड्याळ पाहिले. आता त्यांना कुठेही जायचे नसावे, पण घड्याळाकडे बघताना दुसऱ्या कुणाकडे बघावे लागत नाही. तिने पंपाचे बूच काढले. आत कोंडलेली हवा फस्सकन सुटली आणि संचालकांच्या टेबलावरचे कागद उडाले. ते गोळा करायला ती थांबली नाही.

निर्णय आठ दिवसांनी लेखी आला. त्यात तीन कलमे होती. पहिले: अर्जदाराचे म्हणणे विषयतज्ज्ञांच्या मते तथ्यपूर्ण असून समिती त्यांच्या अभ्यासू वृत्तीचे कौतुक करते. दुसरे: तथापि आदर्श उत्तर हे परीक्षेपुरते अंतिम असल्याने अर्ज फेटाळण्यात येत आहे. तिसरे: सुनावणीदरम्यान कार्यक्रमातील निवेदन आणि प्रवेशद्वारातील प्रदर्शित वस्तू यांमध्ये विसंगती असल्याचे अर्जदाराने निदर्शनास आणून दिले, सबब, सदर विसंगती तातडीने दूर करण्यात यावी.

विसंगती मंगळवारी दूर झाली. दोन माणसे आणि देखरेखीला तिसरा असे आले आणि दगड उचलून भांडारात घेऊन गेले. पाटी काढताना एक खिळा निघाला नाही, तो तसाच राहिला. फरशीवर दगडाच्या आकाराचा फिकट गोल उरला. चार अब्ज वर्षे अवकाशात फिरून, जळून, फुटून, वेग हरवून जो जमिनीपर्यंत पोहोचला होता, तो आता झाडू, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फलकांच्या मागे होता. वातावरणाला जे जमले नाही ते कार्यालयाने तिसऱ्या कलमात केले.

घरी नवऱ्याने निर्णय वाचला आणि हात पुसले. "आता?"

"आता काय! त्या मॅडमचं तोंड आठवलं की डोक्यात तिडीक जाते. वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. गोड बोलून कापलं."

"वर अपील?"

"वर कोण आहे? सगळे घर्षणवाले." ती भाकरीच्या पिठावर अशी तुटून पडली की परात सरकत भिंतीला जाऊन लागली. "आणि मूर्ख मी. मी सांगितलं त्यांना दगडाचं. मीच पुरावा दिला आणि त्यांनी पुरावाच उचलून नेला."

त्या आठवड्यात खिडकीत येणाऱ्या प्रत्येकाने विचारले, दगड कुठे गेला? खिडकीबाई तिकीट फाडत सगळ्यांना एकच उत्तर देत होती: "अजून पोहोचलेला नाही."

सोमवारपासून बॅटरी निवेदन करणार होता. शनिवारी दुपारच्या दोन खेळांच्या मध्ये तो खिडकीशी आला. हातात निवेदनाची वही. खिडकीच्या बाजूला असा उभा राहिला की तिकिटे घ्यायला आलेला नाही हे कळावे आणि काय हवे आहे हे मात्र कळू नये.

"काय आहे?" खिडकीबाई म्हणाली.

"ताई, रागावणार नसाल तर विचारतो."

"रागावलेलीच आहे. विचार."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला रागावू? तू घर्षण लिहिलंस, तुला गुण मिळाला. तुझ्या जागी मीही..." तिला ते वाक्य पुरे करता आले नाही, कारण ते खरे नव्हते. "विचार लवकर, तीनची घंटा होईल."

बॅटरीने वही उघडली. उल्कांच्या पानाचा कोपरा त्याने दुमडून ठेवला होता. "हे एवढं समजावून सांगा. हे घर्षण, का तुमचा तो दाब, नक्की काय ते. मला उद्या-परवा दोनशे लोकांसमोर बोलायचंय. मला नाही कळत यातलं काही."

"नाही कळत तर परीक्षेत कसं लिहिलंस?"

"परीक्षेत?" बॅटरी म्हणाला. "सदतिसावा ना?"

"हो, सदतिसावा."

बॅटरीने वही मिटली, पुन्हा उघडली, आणि एकदा मागे वळून पाहिले.

"ताई, खोटं कशाला बोलू. चुकलं तर अर्धा गुण जातो म्हणाले होते. म्हणून तो मी कोराच सोडला."